आप्पारावचा गेरू

परमेश्वर, भावा, चहाचं राहू दे. आधी जीपची चावी हुडक. हुडकता हुडकता ऐक.

आप्पाराव हेडी आठवतो ना, मेंढरांचा व्यापारी? सिरसाळ्याच्या बाजारासाठी आमच्या मेंढ्या न्यायचा. एकेकीचा ओठ वर करून दात बघायचा. "दात गेले की मेंढी चरत न्हाई, वाळून मरती," म्हणायचा. दात गेलेलीच स्वस्तात घ्यायचा, खाटकासाठी. तिच्या पाठीवर गेरूचा अंगठा उठवायचा अन् बाजाराच्या सकाळी घेऊन जायचा. मेंढरांचे दात बघण्यात हयात गेली त्याची, अन् स्वतःची दाढ सडू दिली मेल्यानं! गालाला फडकं बांधून हिंडला, विष अंगभर भिनलं, अन् पोळ्याच्या आधीच गेला. मातीला तुझे दाजी गेलते.

परवा दुपारी धारूरच्या डोंगरात मेंढरं सावलीला बसवली अन् मी लिंबाखाली टेकले. माझी दाढ लई दिवस ठणकत होती. मी आपली मिसरी दाबायची अन् गप बसायची. जरा डोळा लागला... अन् माझ्या तोंडात बोटं आली, बाबा. थंडगार. लोकरीचा वास अन् नासलेल्या जखमेचा. माझा ओठ वर करून कुणीतरी पुटपुटलं, "खालची सडली... ही न्यायची."

डोळे उघडले तर गालाला फडकं बांधलेला आप्पाराव! अंगठा लाल. मी बोंबलत उठले, मेंढरं तिथंच टाकून डांबरीपर्यंत पळाले अन् तशीच दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईनं दाढ उपटली. लई बोलली मला. "मावशी, पू हाडापर्यंत गेला होता. दातातली घाण रक्तात उतरते, माणूस जातो." मिसरीची डबी मी तिथंच फेकून आले.

घरी सांगितलं तर तुझे दाजी हसायले. "मेलेला माणूस दात बघतो व्हय? येडी का काय!" गालात गुटखा हायच. हिरड्यातनं रक्त येतंय, तोंडात दोन बोटंबी जात न्हाईत, भाकर कुस्करून गिळतेत. पाया पडले मी, दवाखान्यात चला म्हणून. तर म्हणले, बाजार होऊ दे. जळो तो बाजार!

अन् आज सांजच्याला हे अंघोळीला बसले. पाठ चोळायला गेले तर... दोन खांद्यांच्या मधी गेरूचा अंगठा. साबणानं घासला, राखेनं घासला. कातडं सोललं, पर गेरू निघंना. मला लई भ्या वाटायलंय रे. बाजार उद्या सकाळी हाय! तुझ्याकडं काम हाय असं खोटं सांगून इथवर आणलंय. बाहेर ओट्यावर बसलेत. दोघं मिळून धरू अन् आत्ताच दवाखान्यात नेऊ.

सापडली चावी? चल मग...

थांब. हे कुणाशी बोलायलेत? ओट्यावर तर एकलेच होते.

ऐक ना... मी रडून रडून सांगितलं तवा तोंड उघडून दाखवलं न्हाई ह्यांनी. अन् आता कुणापुढं "आऽ" करायलेत?