हेर आणि भोंगा

दाढ इतकी ठणकत होती, की रस्त्यात पहिला दिसला तो दंतवैद्याचा दवाखाना तिने गाठला. डॉक्टर तरुण होता, अबोल वाटला. त्याने सुई टोचली, तिचा अर्धा जबडा बधिर केला आणि कापूस कोंबून दाढ कोरायला घेतली. समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर एक जुना कृष्णधवल हेरपट लागला होता. ओव्हरकोटातला एक माणूस बाकावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. आणि बसलाच होता.

"असे सिनेमे आता होत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "आताचा हेर म्हणजे दारूगोळ्याचं कोठार पेटल्यासारखा."

तिने हात वर केला.

"दुखतंय?"

तिने मान हलवली. दुखत नव्हतं, विरोध नोंदवायचा होता. पण तोंडात यंत्र, कापूस आणि त्याची बोटं! "आँ… घॉ…" यापलीकडे काही निघेना. आणि तो आपला शांतपणे सांगत राहिला… हेर म्हणजे कुणाच्या नजरेत न येणारा माणूस. हे नवे आले, की अख्खं शहर खिडकीत.

चूळ भरल्या भरल्या ती वाकड्या तोंडाने कडाडली, "साफ खोटं!"

बाहेर बसलेले पेशंट दचकले. डॉक्टर मात्र हसला. "आज जिभेला विश्रांती द्या. उत्तर पुढच्या खेपेला."

आता तिला गप्प बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला थांब म्हणणं. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठाला, पाण्यात बुडालेल्या कानांपर्यंत पोचेल असा आवाज तिने कमावला होता. घरी येताना तो तलावावरच ठेवून यायला मात्र तिला जमत नसे. दादा तिला भोंगा म्हणायचा. मावशी म्हणायची, "अगं, या आवाजाला घाबरून येणारं स्थळ परत जाईल." वहिनी तेवढी म्हणायची, "जाऊ दे. घाबरट जावई हवाय कुणाला?"

पुढच्या खेपेला ती तयारीने गेली. खुर्चीत बसण्याआधीच बोलून घेतलं.

"तुमच्या जुन्या सिनेमात बाई काय करते? टेलिफोन उचलते, किंचाळते आणि हिरोच्या खांद्यावर रडते. नव्यात तीच गाडी चालवते, तीच भिंत चढते. मला रडणारीपेक्षा चढणारी आवडते."

"हा मुद्दा बिनतोड आहे," तो म्हणाला. "आता आ करा."

"म्हणजे लगेच तोंड बंद करायचं माझं!"

"छे, उघडायचं."

दाढ बरी झाली, वाद चिघळला. तो तिला ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथे रविवारी सिनेमाप्रेमींचं मंडळ जमायचं आणि दाखवलेल्या सिनेमावर तावातावाने भांडायचं. मग दोघं समोरच्या कॉफीच्या दुकानात भांडण पुरं करायची. तो नेहमी भिंतीलगतची खुर्ची पकडायचा. रस्त्यातून जाताना तिच्या डाव्या हाताला चालायचा. ती चुकून त्या बाजूला गेली, तर वळसा घालून पुन्हा तिथेच. आणि ती बोलत असताना तिच्या चेहऱ्यावरून नजर काढायचा नाही. इतकं लक्ष देऊन आजवर तिचं कुणी ऐकलं नव्हतं. लोक तिचा आवाज चुकवायचे. हा तर त्या आवाजाकडे झुकून बसायचा.

तिला तो आवडला. भांडताना जास्तच.

"एक नवा सिनेमा माझ्याबरोबर थेटरात बघ," एकदा ती म्हणाली. तोवर अहो-जाहो गळून पडलं होतं. "मग बोल."

त्याने कप खाली ठेवला. "थेटरात… बरं. बघू या."

दुपारचा खेळ होता. आत पोचेतो अंधार झालेला. तिकिटांप्रमाणे ती त्याच्या डावीकडे आली. "आपण जागा बदलू या का?" तो पुटपुटला, पण मागून कुणीतरी "बसा हो!" म्हणून खेकसलं आणि दोघं बसली. पडद्यावर गाड्या उलटल्या, पूल कोसळला. मग मध्येच एक हळवा प्रसंग आला. पावसात भिजलेले नायक-नायिका नुसते एकमेकांकडे बघत होते, पार्श्वसंगीत वाजत होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला, त्याच्याकडे झुकून अगदी हळू म्हणाली,

"मला तू आवडतोस… खूप."

तो पडद्याकडेच बघत राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

मध्यंतर झालं. त्याने विचारलं, "कॉफी आणू?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. पण ऐकून न ऐकल्यासारखं करायचं? सिनेमा संपल्यावर ती डोकं दुखतंय म्हणून रिक्षात बसली. नंतर त्याचे फोन घेतले नाहीत.

पण मंडळाने 'हेरपट: जुने की नवे?' असा जाहीर वाद ठेवला होता. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. ती म्हणाली, जाणार नाही.

"भांडायला जायला तुला कधीपासून मूड लागायला लागला?" वहिनी म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. "त्याने तोंड लपवावं. तू कशाला? चल, मी येते."

हॉल भरला होता. पहिल्या दोन रांगांत डॉक्टरचेच पेशंट दिसत होते. ती उभी राहिली आणि माइक बाजूला सारला. तिला त्याची गरज नव्हती. बाई भिंत चढते, हा मुद्दा टाळ्या घेऊन गेला. आणि मग तिची जीभ घसरली.

"जुनं आवडणाऱ्यांचं कसं असतं, त्यांना सगळं लांबून हवं असतं. शेजारी जिवंत माणूस मनातलं काही बोललं, तरी हे आपले पडद्याकडे बघत बसणार! उत्तर द्यायला नको."

डॉक्टरचा चेहरा उतरला. त्याने टिपणांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि उभा राहिला.

"माझा डावा कान लहानपणीच्या तापात गेला," तो म्हणाला. "पार गेला. हे मी कुणाला सांगत नाही. बाबा म्हणायचे, पेशंटना कळलं तर येणार नाहीत. एक ठरलेलं लग्नही त्यावरून मोडलं. जुन्या सिनेमातली माणसं एकमेकांकडे तोंड करून स्वच्छ बोलतात. नव्यात स्फोट चालू असताना पुटपुटतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही. म्हणून जुने चांगले म्हणतो. बाकीचे मुद्दे मी नंतर शोधून काढले."

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कवळी सावरली आणि मोठ्याने म्हणाले, "मला तर दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तुमचं हाताचं काम चांगलं आहे, डॉक्टर!" लोक हसले. हात वर करून मतं घेतली. जुने जिंकले.

ती जिन्याकडे धावली. तिला रडू येत होतं, आणि रागही. तो मागोमाग आला.

"सहानुभूतीची मतं आहेत ही," ती म्हणाली. "मुद्दे माझेच सरस होते."

"मान्य." तो वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आला. आता तिला त्याचा अर्थ कळला. "त्या दिवशी थेटरात तू काहीतरी बोललीस. हो ना?"

"तेव्हा का नाही सांगितलंस कानाचं?"

"तुझ्यासमोर गरजच पडली नाही. तुझा एक शब्दही माझ्याकडून सुटत नाही. असं दुसऱ्या कुणाबरोबर होत नाही माझं. वाटलं, तुला कळलंच नाही तर बरं… काय म्हणाली होतीस?"

"एकदा सांगून झालंय. आता पाळी तुझी."

त्याने जिन्यावर वर-खाली पाहिलं. मंडळाची माणसं उतरत होती. कान लाल झाले, दोन्ही. मग तो अगदी हळू म्हणाला, "मला तू आवडतेस. तुझ्याशी जन्मभर भांडायला आवडेल."

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं.

"काय?" ती म्हणाली. "मोठ्याने बोल, ऐकू नाही आलं."

त्याने खोल श्वास घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं, जिना दणाणेल एवढ्याने. उतरणारी माणसं जागच्या जागी थबकली. तिने त्याचा हात धरला, घट्ट.

खालच्या पायरीवरून वहिनी ओरडली, "आम्हाला ऐकू आलं हो! उतरा आता खाली!"