उतरल्यावर 'तुम्ही'

"ए बटाटेवाल्या, जरा बाजूला हो की!"

गास्पारशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. एप्रिलची ओली सकाळ, कावळ्याचा चढ. माझ्या सायकलीच्या टोपलीतले पाव गार व्हायच्या आत मला दुकान गाठायचं होतं, आणि हा माझ्यापुढे अख्खा रस्ता अडवून नागमोडी चालला होता. मागच्या चाकाला दोन्हीकडे फुगलेल्या पिशव्या, आणि एकीतून चक्क बटाटे डोकावत होते.

"जा ना," तो धापा टाकत म्हणाला. "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"विकायला निघालास?"

"छे. फिरायला नेतोय."

"बटाट्यांना?"

"दोन्हीकडे बारा-बारा किलो. दोन पोरं आहेत असं समज. त्यातलं डावीकडचं फार वळवळतं..."

मी हसत पुढे गेले. वर पोहोचल्यावर मागे वळून पाहिलं, उगीचच. तो वळणावर उतरला होता आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत होता. कपाळावरचे ओले केस मागे सारायची त्याची एक पद्धत होती... असो.

दुपारी आमच्या सरपंचबाई, मादाम देलबोस, त्यालाच घेऊन दुकानात आल्या. "ही सिदोनी. ब्रेसाकचं दुकान, कॅफे, पोस्ट, सगळं हीच. आणि हे गास्पार लाकाझसाहेब, काओरच्या ऑफिसातले. लोत नदीच्या खोऱ्यातून सायकलमार्ग जायचाय, तो कुठल्या काठाने न्यायचा ते हे ठरवणार."

माझं तोंड टोमॅटोसारखं झालं असणार. "तुम्ही... काय घेणार?"

"पुदिन्याचं सरबत. सकाळी तुम्ही मला बटाटेवाला म्हणालात."

"सकाळी तुम्ही सायकलीवर होतात!"

आमच्याकडे ही रीतच आहे. सायकलीवर बसलेला माणूस खाटीक असो की कलेक्टर, तो 'तू'. उतरला की 'तुम्ही'. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडतही नाही कुणी.

"साहेब, एकच सांगते," सरपंचबाई म्हणाल्या. "मार्ग आमच्या डाव्या काठाने आला तर हे दुकान चालेल. उजव्या काठाने समोरच्या लीसालला गेला तर ही पोरगी थंडीच्या आधी कुलूप लावून तुलूझला बहिणीकडे जाणार. गावात दुसरं दुकान नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. हिवाळ्यात माझं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारा फेर्नां आणि त्याचा कुत्रा. मला जायचं नव्हतं. ह्या नदीला सोडून मी कुठेही सुखी होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो नुसता मान हलवून सरबत प्यायला.

मे महिनाभर मी त्याला वाटा दाखवत हिंडले. प्रत्येक रस्त्यावर तो तीनदा सायकल चालवायचा. एकदा रिकामा, एकदा ओझं घेऊन आणि एकदा दमून. दुपारी दोनला सावली कुठल्या झाडाची पडते, हे पाहायला तो खरोखर दोनला यायचा. न पाहिलेल्या माणसांबद्दल असा बोलायचा, जणू ती त्याच्या घरी जेवायला येणार आहेत. "इथे एखाद्या आजी दमतील, सिदोनी. नळ कुठे आहे?" किंवा, "ह्या खडीवर लहान मूल घसरेल." मी जन्मापासून इथली, पण कड्यांच्या कपारीतली पाकोळ्यांची घरटी आणि झुलत्या पुलाखाली हिरवंगार होणारं पाणी मी त्याच्यामागून सायकल चालवताना नव्याने पाहिलं. ऑफिसातला माणूस असा असू शकतो? मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. आणि कौतुक कधी नुसतं कौतुक राहत नाही, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

एकदा सरीने गाठलं. आम्ही अक्रोडाखाली घुसलो.

"अक्रोडाखाली थांबू नये," मी म्हणाले. "अंगात थंडी भरते. फेर्नां सांगतो."

"मग?"

"मग काय... थांबलेय ना."

त्याच्या भुवईवरून पाणी ओघळत होतं. त्याने हात पुढे करून माझ्या केसांतलं एक पान काढलं... आणि हात मागे घ्यायला जरा जास्तच वेळ लावला.

"एक अडचण आहे," तो हळूच म्हणाला. "आपण उतरलोय. आता 'तुम्ही' म्हणायचं का?"

मी एक पाय पेडलवर ठेवला. "हा बघ. अर्धी सायकलीवरच आहे मी."

त्यानेही ठेवला. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघं एका पायावर बगळ्यांसारखे उभे, आणि वेड्यासारखे हसत होतो. वळणापाशी खाली नदी चमकत होती. "इथून दिसते तशी ती कुठूनच दिसत नाही," तो म्हणाला. पण तो नदीकडे बघत नव्हता.

गावाला ह्याचा पत्ता नव्हता. दुकानात कायम "लाकाझसाहेब, तुम्ही".

जूनमध्ये आमच्या सभागृहात दोन्ही काठांची सभा भरली. लीसालचे सरपंच मॉरेल आपल्या ढेरीसकट पहिल्या रांगेत बसले होते. गास्पार उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"डावा काठ सुंदर आहे," तो म्हणाला. "मला एकट्याला जायचं असेल तर मी रोज डाव्या काठाने जाईन. पण चोवीस किलो ओझं घेऊन मी कावळ्याचा चढ नऊ वेळा चढलो, आणि नऊ वेळा वळणावर उतरावं लागलं. त्या वळणावर मागून येणारा ट्रक दिसत नाही. उजव्या काठाला पूर्वी बैल नावा ओढायचे, ती वाट सपाट आहे. मार्ग तिथून जावा, असं मी लिहिलंय."

मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"तू... तूच म्हणालास ना, तिथून दिसते तशी नदी कुठूनच दिसत नाही? अक्रोडाखाली उभा राहून म्हणाला होतास!"

फेर्नांने कानामागे हात नेला. "कुणाला 'तू' म्हणाली ती?"

"साहेबांना," सरपंचबाईंनी चष्मा काढला. "तेही अक्रोडाखाली."

हशा पिकला. गास्पार कानापर्यंत लाल झाला. मॉरेल मात्र टुणकन उठले. "बघा मंडळी! हातच्या कांकणाला आरसा कशाला? जो माणूस आपल्या... अं... मैत्रिणीच्या गावाविरुद्ध लिहितो, तो खोटं लिहील का?"

सगळे हात वर गेले, आमच्या गावाचेसुद्धा. आपलेच दात, आपलेच ओठ! गावाचा निकाल माझ्याच जिभेने लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला.

"काय हवंय आपल्याला?" मी विचारलं.

"सिदोनी..."

"सरबत संपलंय."

"पुदिना तर समोर कुंडीत दिसतोय."

"तो विकायचा नाहीये."

तो काउंटरपाशी आला. "मी खोटं लिहायला हवं होतं का?"

मी तोच ग्लास तिसऱ्यांदा पुसला.

"सोमवारी मी पुढच्या खोऱ्यात जातोय," तो म्हणाला. "साडेदहाची बस आहे." आणि गेला.

सरपंचबाई कोपऱ्यात विकायला आणलेलं आपलं चीज मांडत होत्या. "राग कशाचा आलाय, पोरी? मार्ग गेला त्याचा, की तो चाललाय त्याचा?"

"दोन्हीचा."

"पहिल्यावर औषध आहे माझ्याकडे. पुलापलीकडे, नावा सोडायला नदीचं पाणी अडवतात त्या फाटकाच्या राखणदाराचं घर रिकामं पडलंय. मार्ग त्याच्या दारावरूनच जाईल, आणि ते दोन्ही गावांचं आहे. सकाळी इथे पाव दे, अकरा वाजता पूल ओलांड, आणि त्या ढेरपोट्याच्या नाकावर टिच्चून तिथे आपलं सरबत विक."

"आणि दुसऱ्यावर?"

"ते औषध मी चाळीस वर्षांपूर्वी घेतलं. सध्या माझ्या शेळ्या राखतंय."

मला हसू आलं, पण राग गेला नाही. रविवारी मी पिशव्यांत चोवीस किलो बटाटे भरले आणि चढावर निघाले. दाखवतेच त्याला! अर्ध्यावर मांड्या भरून आल्या. वळणावर सायकल जागच्या जागी थांबली, मी धडपडत उतरले, आणि त्याच क्षणी मागून ट्रक आला. इतक्या जवळून गेला की माझा फ्रॉक उडाला.

मी कठड्यावर बसून राहिले. माझ्यासाठी एक खोटी ओळ लिहिली असती तर अख्ख्या डाव्या काठाने त्याला डोक्यावर घेतलं असतं. मीसुद्धा. आणि मग एखादी आई खरीखुरी दोन पोरं घेऊन इथे उतरली असती. मला गमावण्याची भीती असतानाही तो खरं बोलला. असा माणूस मला कधी भेटला नव्हता. माझं त्याच्यावर प्रेम होतं, बटाट्यांसकट, वहीसकट.

सोमवारी सव्वादहाला मी बस थांब्यावर पोहोचले, चालत. तो बॅगेवर बसला होता, शेजारी सायकल भिंतीला टेकलेली. मला पाहून ताडकन उठला.

"तू बरोबर होतास," मी म्हणाले. "वळणावर उतरावंच लागतं."

"तू चढलीस? ओझं घेऊन?" त्याचा चेहरा पडला. "एकटी? सिदोनी, काही झालं असतं म्हणजे!"

"झालं नाही ना."

"हे सांगायला आलीस?"

"हो... नाही. म्हणजे..."

तेवढ्यात बस आली. दार उघडलं. त्याने बॅग उचलली, आणि परत खाली ठेवली.

"रस्ता तुझ्या दारात आणता आला नाही मला," तो घाईघाईने म्हणाला. "मी एकटाच आलो तर... चालेल?"

मी भलतंच विचारलं, "पुढचं खोरं किती लांब आहे?"

"सायकलने दोन तास."

"मग बसने कशाला जातोस? दोन तासांवरून तर संध्याकाळी परत येता येतं."

"साहेब," ड्रायव्हर वैतागला, "चढताय की लग्न ठरल्यावर येऊ?"

"जा तुम्ही," गास्पार म्हणाला. नजर माझ्यावरून हलली नाही. बस निघून गेली. पुलावरून गार वारा आला.

"फाटकाचं घर घेतेय मी," मी म्हणाले. "शनिवारी रंगवायला काढणार आहे. शिडी धरायला कुणीतरी लागेल."

"धरतो की. रंग कुठला?"

"निळा," मी म्हणाले. "आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे."