नववी रांग, पहिली खुर्ची

आधीच माफी मागतो. माझी शाळा दहावीच्या आतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, आणि भारी शब्द मला येत नाहीत. चार माणसांत बोलायलाही मी लाजतो, म्हणून लिहून काढतोय. ही गोष्ट माझ्या कॅझ मामांची. त्यांनी ती मला फोनवर सांगितली, गाडी चालवता चालवता. कुठे आहात म्हणून विचारलं, तर ते सांगितलं नाही.

मामांना त्या दिवशी फक्त एक खुर्ची आणायची होती.

एप्रिलचा पहिला शनिवार होता. दर वर्षी याच सुमाराला आमच्या शहरात बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायचा, दुपारी एकच्या ठोक्याला. यंदाही तो सुरू होणार होता, पण इथे नाही. आमचा बार्जमेन संघ मालकाने उचलून दोन हजार मैलांवर, ॲरिझोनातल्या वाळवंटात नेला होता. तिथल्या लोकांनी संघ मिळायच्या आधीच करातून नवंकोरं मैदान बांधून ठेवलं होतं, वर मिटणारं छप्पर आणि आत थंड हवा. मालकाने आमच्याकडेही तेच मागितलं होतं. नोव्हेंबरात त्यावर मतदान झालं. विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा आणि मालकाला मैदान द्यायचं, हो की नाही? दोनशे बारा मतांनी 'नाही' जिंकलं. नाताळच्या आत सामानाचे ट्रक शहराबाहेर पडले.

जुनं मैदान आता पाडणार होते. ज्यांचे हंगामी पास होते, त्यांना आपापली खुर्ची काढून न्यायची मुभा होती. डोलोरेस मामींची खुर्ची एकशे चौदा नंबरच्या स्टँडमध्ये होती, नवव्या रांगेत पहिली, पायऱ्यांच्या कडेला. त्याच स्टँडमध्ये मामांनी एकतीस वर्षं लोकांना जागा दाखवायचं काम केलं. येता-जाता दोन शब्द बोलता यावेत म्हणून मामींनी कडेची खुर्ची धरली होती. "हा संघ गेला तर मीही गेले म्हणून समज," असं त्या म्हणायच्या. संघाच्या तीन वर्षं आधीच त्या गेल्या.

एक गोष्ट मामांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी 'नाही'वर खूण केली होती. नातीच्या, एमाच्या शाळेचं छप्पर गळत होतं, वर्गात बाकांमध्ये बादल्या ठेवल्या होत्या. मतदानाच्या पडद्याआड उभं राहिल्यावर त्यांना त्या बादल्याच दिसल्या. तेव्हा खूण करायला वेळ लागला नाही. ट्रक निघाले त्या दिवसापासून मात्र डोळ्याला डोळा लागेना. डोलोरेस काय म्हणाली असती? हे एकच विचारायचं होतं, आणि विचारायला माणूस नव्हतं.

फाटकावर डेंझिल नावाचा पहारेकरी होता, मामांच्या ओळखीचा.

"काय काका, खुर्ची न्यायला? घरी मांडून बघणार काय, भिंत?"

"भिंत तरी गाव सोडून जात नाही," मामा म्हणाले.

डेंझिल हसला. "त्या दोनशे बारा जणांसाठी नरकात वेगळा स्टँड राखून ठेवलाय म्हणतात. छप्पर नसलेला. जा, पण चारच्या आत बाहेर या. मला कुलूप लावायचंय."

मामा पाना आणि तेलाचा डबा घेऊन आत गेले.

मैदानामागच्या सरोवरावरून धुकं आलं होतं. मैदानातलं गवत कुणी कापलं नव्हतं, गुडघ्याएवढं वाढलं होतं. समोरचा स्टँड धुक्यात अर्धाच दिसत होता. वर सीगल पक्षी ओरडत होते. त्या खुर्च्या घडीच्या. माणूस उठलं की स्प्रिंगने बसायची फळी आपोआप वर जाते, टप् करून. रिकाम्या स्टँडमध्ये सगळ्या फळ्या उभ्या असतात, ओळीने, मिटलेल्या तोंडांसारख्या.

मामा नवव्या रांगेशी वाकले. चार बोल्ट होते, चारही गंजलेले. तेल सोडलं, पाना लावला. पहिला बोल्ट सुटायला दहा मिनिटं गेली. दुसरा सुटला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पक्षी ओरडायचे थांबले आहेत.

मान वर केली. शेजारच्या खुर्चीची फळी खाली होती.

स्प्रिंग गेली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी ती फळी उचलून सोडली. ती सावकाश, अगदी अलगद, परत खाली आली. जड अंगाचं माणूस हात टेकून बसतं ना, तशी.

मामांनी तिसरा बोल्ट धरला. पाठीमागे बारीक कुरकुर झाली. वळून पाहिलं तर दहाव्या रांगेत चार फळ्या खाली. आणखी वर सात-आठ. ते बघत असताना एकही हलत नव्हती. नजर वळवली की कुरकुर. आणि वास येऊ लागला. मोहरीच्या चटणीचा, भाजलेल्या शेंगांचा, ओल्या लोकरी कोटांचा. मामांनी घड्याळ बघितलं. एकला पाच मिनिटं होती.

पळायला हवं होतं. पण एकतीस वर्षांची सवय पायापेक्षा जोरात असते. त्यांचा हात जाकिटाच्या खिशात गेला. जुना लोकरी हातमोजा तिथेच होता, प्रेक्षक बसायच्या आधी खुर्चीवरचं दव पुसायचा. तो त्यांनी हातात चढवला आणि नववी रांग पुसायला सुरुवात केली. एक फळी खाली ओढून पुसायची, सोडून द्यायची, पुढे जायचं. एकही फळी परत वर गेली नाही. रांगेच्या टोकाला पोहोचेपर्यंत सगळा स्टँड भरला होता... आणि दिसत कुणीच नव्हतं.

"कॅझ," कुणीतरी हळूच हाक मारली.

आवाज ओळखीचा होता. हालूपका बाई, अकराव्या रांगेतल्या. दर सामन्याला विणकाम घेऊन यायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या अंत्यविधीला मामांनी खांदा दिला होता.

"कॅझ, अरे, आपली पोरं अजून मैदानात कशी आली नाहीत?"

मामांनी हातमोजा काढला. "ती... येणार नाहीत, बाई."

"पाऊस आहे का?"

"नाही. संघ दुसऱ्या गावी गेला... कायमचा."

धुकं पहिल्या रांगेपर्यंत आलं.

मग वरच्या बाजूने एका पुरुषाचा आवाज आला, "कुणी जाऊ दिला?"

मालकाचं नाव घेता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण मामांची नजर मामींच्या खुर्चीकडे गेली. दोनच बोल्टांवर ती लटकली होती, आणि तिचीही फळी आता खाली होती.

"डोलोरेस," मामा म्हणाले, "मी 'नाही' म्हणालो. एमाच्या वर्गात पाणी गळत होतं गं... पोरं पाय वर घेऊन बसायची. तू असतीस तर... तू काय केलं असतंस?"

त्यांनी कान दिला. खुर्चीवरून श्वासाचा आवाज आला. जड, घरघरणारा, जिने चढून दमलेल्या माणसाचा. मामी रात्री शेजारी झोपायच्या तेव्हा त्यांचा श्वास वाकून ऐकावा लागायचा.

"कोण आहे तिथे?" मामांनी विचारलं. "ती माझ्या बायकोची जागा आहे..."

तोच सगळा स्टँड एका दमात उभा राहिला. सातव्या डावाच्या मध्याला लोक पाय मोकळे करायला उठतात, तसा. सहाशे फळ्या एकदम वर आदळल्या. मामा म्हणतात, तो आवाज अजून त्यांच्या दातांत आहे.

"मग आम्हाला तिकडे ने," हालूपका बाई म्हणाल्या. उशी आणून दे म्हणावं, इतक्या साधेपणाने. आवाज आता अगदी कानाशी होता.

"मी... मी कसा नेऊ?"

"जागा दाखवायचं काम तुझंच ना, कॅझ? मग दाखव."

"नेतो," मामा म्हणाले. तिथून सुटायला दुसरा कुठलाही शब्द त्यांना सुचला नाही.

उरलेले दोन बोल्ट पाना न लावताच हातात आले.

खुर्ची फाटकापर्यंत फरफटतच आणावी लागली. डेंझिल मदतीला धावला. दोघांनी मिळून ती गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात चढवली, तेव्हा मागची चाकं दबून पत्रा टायरला टेकला.

"काका, यात काय शिसं ओतलंय? एकच काढलीत ना?"

"एकच."

डेंझिल आणखी काही बोलणार होता. पण त्याची नजर मामांच्या मागे, स्टँडमधून फाटकाकडे येणाऱ्या उताराकडे गेली आणि तो वाट देत कडेला सरकला. मामा गाडीत बसले, गाडी सुरू झाली, वळली. तरी तो फाटक उघडं धरून उभाच होता. बराच वेळ. एकदा तर त्याने टोपी काढली.

रात्रभर गाडी घरासमोर तशीच उभी होती. मामांनी खुर्ची उतरवली नाही, खिडकीचा पडदाही सरकवला नाही.

सकाळी सहाला ते उठले. कॉफी थर्मासात भरली. मांसाचे चार काप घालून सँडविच केली, ती वर्तमानपत्रात बांधली. लेकीला फोन करून म्हणाले, "दोन-तीन दिवस बाहेर जातोय, काळजी करू नको." मग गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

घंटी वाजू लागली. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती. सीट रिकामी होती. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, ती थांबेना. मामी तिथेच बसायच्या. अंगाने बारीक होत्या, त्यांना पट्टा अर्धासुद्धा लागत नसे. मामांना वाटलं, आली असेल शेवटी. "थांब गं, लावतो," ते म्हणाले. हात लांब करून त्यांनी पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खटक्याकडे आणायला लागले. पट्टा येत राहिला, येत राहिला... मग संपला. खटका अजून वीतभर लांब होता.

मामांनी दोनदा जोर लावून पाहिला. मग पट्टा सोडून दिला, आरशात न बघता गाडी गिअरमध्ये टाकली आणि घंटी वाजत असतानाच पश्चिमेच्या रस्त्याला लागले.