आप्पांच्या पोटातलं विरजण

शत्रूला मारलं, तरी शत्रू परत आला. एकदा नव्हे, तीनदा! असं कसं? शाल्मलीला पडलेलं कोडं हे असं होतं.

तिचे आजोबा, म्हणजे आप्पा, यांनी मिरजेच्या बाजारात चाळीस वर्षं दही विकलं होतं. २०४६ सालच्या उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्या आतड्यात एक दुष्ट जिवाणू शिरला. औषध घेतलं की जुलाब थांबत, पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. आता दवाखान्याच्या खाटेवर कूस बदलायचंही त्राण उरलं नव्हतं. आणखी एक खेप आप्पांना सोसणार नाही, हे शाल्मलीला कुणी सांगितलं नव्हतं. पण आईचा चेहरा तिला वाचता येत होता.

"औषध कमी पडतं का?" तिनं डॉ. नसीमा तांबोळींना विचारलं.

"उलट, जास्त होतं." डॉक्टरांनी खूण करताच मदन्या या रोबोनं भिंतीवर आतड्याचं चित्र उमटवलं. "निरोगी आतड्यात अब्जावधी चांगले जिवाणू दाटीवाटीनं राहतात. प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) दिलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुष्ट मात्र बीजाणू (टणक कवचात झोपलेलं रूप) होऊन दडतो. औषध थांबलं की उठतो, आणि बघतो तर सगळी जागा मोकळी!"

"मग ती आधीच भरून टाकायची!"

"शाबास!" डॉक्टरांनी एक डबी उघडली. "निरोगी माणसाच्या विष्ठेतले चांगले जिवाणू वेगळे काढून, कसून तपासून या कॅप्सुलांत भरलेत."

"शी!" शाल्मली ओरडली.

"शी काय त्यात?" आप्पा पडल्यापडल्या हसले. "आपलं दही बिघडलं की भांडं उकळायचं आणि शेजारनं विरजण आणायचं. नुसतं उकळून कधी दही लागलंय व्हय?"

डॉक्टरही हसल्या. लोकांनी नाकं मुरडली, तरी या बाईंनी अकरा वर्षं याच कामात घालवली होती. शाल्मलीला त्यांचा फार अभिमान वाटला.

डॉक्टर पाणी आणायला वळल्या. तेवढ्यात आप्पांचा हात उशीखाली गेला. परवा बंद केलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या! भाकरीचा तुकडाही वाया न घालवणारा माणूस तो.

"आप्पा, हे काय?"

"उरल्यात गं. दोन्ही संगट घेतो, म्हंजे दुप्पट गुण."

शाल्मलीनं गोळ्या हिसकावल्या. "आप्पा, उकळत्या दुधात विरजण घालता का तुम्ही?"

आप्पा पुरते ओशाळले. "न्हाई गं बाई. दूध कोमट व्हावं लागतं."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "त्या गोळ्यांनी नवे पाहुणे दारातच मेले असते."

आप्पांनी नुसत्या कॅप्सुलाच घेतल्या. दोन महिन्यांनी मदन्यानं पुन्हा चित्र दाखवलं. आतडं जिवाणूंनी गजबजलं होतं. दुष्टाला पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा मात्र स्वतःच्या पायांनी चालत आले होते, हातात दह्याचं मडकं घेऊन.

"ज्यानं विरजण दिलं, त्याला द्या."

"नाव आम्हालाही कळत नाही, आप्पा. पुढे तर हे जिवाणू प्रयोगशाळेतच वाढवता येतील, देणारा माणूस लागणारच नाही."

"मग त्याच्या वाटचं तुम्ही खावा."

घरी जाताना शाल्मली बाजारातल्या प्रत्येक माणसाकडे निरखून बघत होती. यांतलाच कुणीतरी असेल. तिनं सगळ्यांनाच हात हलवला.