शेजारची सीट

कबीर, तो दिवा जरा मंद कर, डोळ्यांवर येतोय. हं. बसा आता.

चारुदत्तकाकांच्या गॅरेजला कुलूप का, हे सावनी मघाशी विचारत होती. सांगतो. मी त्या रात्री तिथे नव्हतो. पण चारुदत्त आणि मी एकाच वर्षी पुण्याहून, देश सोडून, इथे पार्सिपनीला आलो. माणूस कसा आहे ते मला माहीत आहे. त्याने सांगितलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतो ना आपण, तो रविवार. चारुदत्त आणि सुचित्रावहिनी दुपारी ससेक्स काउंटीत गेले होते, गाडी आणायला. पासष्ट सालची ब्युइक रिव्हिएरा. वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्याने शेताच्या कडेला, स्वतःच्या गॅरेजात, खिळा न् खिळा सोडवून ती पुन्हा उभी केली होती. गडद हिरवी, लांबलचक, दोनच दारं. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं लेदर. आणि पाय दाबला की अशी झेप घ्यायची की पाठ सीटला चिकटायची. पुढच्या दिव्यांवर झाकणं होती; बटण दाबलं की पापण्यांसारखी उघडायची. रिटायर झाल्यावर अशी गाडी घ्यायची, हे चारुदत्तचं जुनं वेड.

किल्ली देताना वॉल्टरने विचारलं, “शेजारी कोण बसणार?”

“कोणी नाही. बायको मागून आमच्या गाडीने येतेय.”

म्हाताऱ्याने त्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “मग तिथे काहीतरी ठेव. ती सीट रिकामी ठेवू नकोस.”

चारुदत्तला वाटलं, वय झालंय. वॉल्टरने सुट्या भागांची एक जड बॅग दिली होती, ती त्याने मागच्या सीटवर टाकली. पुढचं लेदर मळेल म्हणून.

निघाले. अंधार लवकर पडला होता. रूट तेवीसचा तो जंगलातला पट्टा माहितीये ना? दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच तलाव. पुढे चारुदत्त, मागे वहिनी. फोन स्पीकरवर. गप्पा चालल्या होत्या... गाडी कशी पळतेय, घरी जाऊन खिचडी टाकू, असं काहीबाही.

मध्येच वहिनी म्हणाल्या, “अहो, वॉल्टरला बरोबर घेतलंय का?”

“नाही. का?”

“तुमच्या शेजारी कोणीतरी बसलंय.”

चारुदत्त हसला. “सीटची पाठ दिसत असेल.”

पण पोरांनो, त्या काळच्या सीटांना डोकं टेकायला काही नसायचं. पाठ खांद्यापाशी संपायची. त्याच्यावर दिसेल ते डोकंच.

“बाई आहे,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या दिव्यांत स्पष्ट दिसतंय. खिडकीला डोकं टेकलंय तिने.”

चारुदत्तने शेजारी पाहिलं.

कोणी नव्हतं.

“अहो... ती वळली. माझ्याकडे बघतेय.”

पुढे सिग्नल लाल होता. गाडी थांबली. चारुदत्तला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. त्याने मागे हात घातला, बॅग ओढली आणि शेजारच्या सीटवर आदळली.

“गेली,” वहिनी म्हणाल्या. “आता नाही दिसत.”

दोघांनीही श्वास सोडला. सिग्नल हिरवा झाला. थोडं अंतर गेले असतील...

फोनवर आवाज यायला लागला. टिंग... टिंग... टिंग...

“काय वाजतंय ते?”

“माझ्या शेजारचा बेल्ट लावा म्हणतेय गाडी.”

“काही ठेवलंयस का तिथे?”

चारुदत्तने आरशात मागचे दिवे पाहिले.

“सुचित्रा?”

“...काही नाही ठेवलं.”

टिंग... टिंग... टिंग...

आणि थांबलं.

काय म्हणालास, कबीर? ती बीप बेल्ट लावल्यावरच थांबते?

हो, बाळा.

चारुदत्तने गाडी कडेला घातली. मागची गाडी हळूहळू आली... थांबली. तो धावत गेला. दार उघडलं. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोर. शेजारची सीट रिकामी. आणि तिचा बेल्ट... लावलेला. ताणलेला.

“उतर,” तो ओरडला.

वहिनींनी मान वळवली नाही. ओठ तेवढे हलले.

“हळू बोला. झोपलीय ती.”

त्याने त्यांना ओढून बाहेर काढलं. रिव्हिएरातली बॅग मागे फेकली, वहिनींना पुढे शेजारी बसवलं आणि घर गाठलं. वहिनींची गाडी दुसऱ्या दिवशी टो करून आणली.

त्या रिव्हिएरात पुन्हा कधी काही झालं नाही. मीही बसलोय तिच्यात. चारुदत्त म्हणाला, वहिनींची गाडी विकून टाकू. वहिनींनी ऐकलं नाही. म्हणाल्या, “कोणाला विकणार? घेणारा शेजारी कोणाची तरी बायको, कोणाची तरी मुलगी बसवेल, मग ही उठून तिसऱ्याच कोणाच्या गाडीत जाईल. मी ते करणार नाही.” म्हणून ती गाडी गॅरेजात. म्हणून ते कुलूप.

गेल्या आठवड्यात चारुदत्तने मला आत नेलं. दार लावलेलं, थंडी मरणाची. गाडीवर धूळ. सगळ्या काचा कोरड्या. शेजारच्या सीटच्या काचेवर तेवढा, डोकं टेकलं तर तोंड येईल तिथे, वाफेचा एक गोल. तळहाताएवढा.

मी बोटाने पुसायला गेलो. पुसेना. आतून होता.

मग उभा राहिलो... बघत.

तो लहान व्हायचा.

मोठा व्हायचा.

लहान... मोठा...