हुल्लुबेट्टावरची ओ

रविवारी सकाळी डबा भरायचा आणि हुल्लुबेट्टाला जायचं, हे आई गेल्यापासून आमचं ठरूनच गेलं होतं. बेट्ट म्हणजे डोंगर आणि हुल्लु म्हणजे गवत. येलहंक्याच्या आमच्या घरापासून गाडीने तासाभराची वाट. नावात जे आहे तेवढंच तिथे आहे. देऊळ नाही, किल्ला नाही, फोटो काढायला कठडा नाही, त्यामुळे माणसंही नाहीत. बाबांना म्हणूनच तो आवडायचा.

आधी मोठमोठ्या धोंड्यांमधून दमवणारा चढ आहे. मग अचानक चढ संपतो आणि समोर नुसतं माळरान पसरतं. कमरेएवढं पिवळं गवत, मध्येच काळ्या खडकाचे सपाट पट्टे, आणि खोलगट जागी पाणी मुरून झालेली मऊ दलदल. पाय पडला की गवती चहासारखा वास उठतो. एकही झाड नाही, त्यामुळे लांब काय आणि जवळ काय, ते डोळ्यांना कळत नाही. आठवडाभर व्हाइटफील्डच्या ऑफिसच्या कॅबमध्ये कोंबून घेतलेल्या मला तिथे पोचलं की मोठ्याने हसावंसं वाटायचं. बाबा पुढे असायचे. त्यांच्या काठीला खाली लोखंडी टोपण होतं, खडकावर ते टक् टक् वाजायचं. मी त्या आवाजामागे चालायचे.

आता थोडं घरातलं सांगायला हवं. आम्ही बेंगळुरूचे पिढ्यान् पिढ्यांचे मराठी. माझी चुलत भावंडं वडिलांना अण्णा म्हणतात. माझी आई मात्र पुण्याची, म्हणून आमच्याकडे ‘बाबा’. आणि कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. लहानपणी मी गल्लीतून ‘बाबा, बाबा’ करत धावले की समोरच्या हेमावतीअक्का लाटणं हातात घेऊन दारात यायच्या, “बंदे, बंदे!” आले, आले. मग सगळी गल्ली हसायची. बाबा स्वतः बोलताना कन्नड शब्द खुशाल मिसळायचे, पण माझ्या हाकेला त्यांनी ओ दिली ती कायम एकच : “आलो गं.”

त्या रविवारी थंडी चांगलीच होती. खडकावर बसून आम्ही डबा उघडला. खालच्या दरीतून ढग वर येताना दिसत होता.

“इथली माणसं ढगात कुणाला ‘बा’ म्हणत नाहीत, ठाऊक आहे?” बाबा म्हणाले. “नाव घेतात आणि कुठे आहेस म्हणून विचारतात. बस्स.”

“का?”

“कोण येईल ते दिसत नाही ना!” ते हसले. “चटणीपुडी स्वल्प इकडे सरकव.”

मीही हसले आणि कोरड्या चटणीची ती डबी सरकवली. बाबांच्या अशा गोष्टींना काही तोटा नव्हता.

डबा आवरून निघालो. बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकले, आणि मान वर केली तेव्हा ढग आमच्यावर आला होता. दोन हातांपलीकडचं गवत दिसेना. वारा पडला. त्या पांढऱ्या ओलाव्यात माझाच श्वास मला मोठा ऐकू यायला लागला. काठीचा आवाज नव्हता.

मी हाक मारली. दुसरं काय करणार? घाबरलेली मुलगी जी हाक मारते तीच मारली. “बाबा!… बाबा!… बाबा!”

ढगाने ती गिळली. मग उजवीकडून, उताराच्या बाजूने, ओ आली.

“बंदे…”

आवाज बाबांचाच होता. त्याच वेळी डावीकडून, खूप लांबून, काठी खडकावर वाजल्यासारखी वाटली. पण ओ उजवीकडून आली होती आणि ती जवळ होती. मी उजवीकडे गेले. त्या एका वळण्याचा विचार मी रोज करते.

गवतातून ते बाहेर आले आणि त्यांनी माझा हात धरला. “नडी, होगोणा.” चल, जाऊ या. माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांचा शर्ट कोरडा होता, हातसुद्धा.

“काठी कुठंय?” मी विचारलं.

त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघालेला नाही. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, काहीतरी बारीकसं दिसलं म्हणाले. या वयात घरची भाषा जाते आणि बाहेरची राहते, असं होतं कधीकधी. सगळ्यांचं समाधान झालं. माझा नवरा सुमंत तर निर्धास्तच झाला. “माणूस हाती लागला, भार्गवी. भाषेचं काय घेऊन बसलीस?”

त्याचं चुकलं असं मी कसं म्हणू? जेवायला वाढलं की ते जेवत. आंघोळ वेळेवर. फक्त चटणीपुडीला हात लावत नसत, आणि आईच्या फोटोसमोरून जाताना थांबत नसत. दिवसभर दाराकडे तोंड करून बसत. चुकून माझ्या तोंडून ‘बाबा’ निघालं, मग ते फोनवर कुणाशी बोलताना का असेना, की मागून आवाज यायचा, “बंदे.” मी वळून पाहीपर्यंत ते माझ्या खांद्याशी उभे असत. पावलं वाजत नसत. शेवटी मी तो शब्द घरात उच्चारायचाच बंद केला. माझ्याच बापाला हाक मारायची मला चोरी झाली.

काठीचा तो डावीकडून आलेला आवाज मात्र डोक्यातून जाईना. एके सकाळी सुमंतला ऑफिसला जाते म्हणून सांगितलं आणि गाडी हुल्लुबेट्टाकडे वळवली.

खाली लख्ख ऊन होतं. धोंड्यांमधून वर पोचले तर माळावर ढग बसलेला. मी त्याच खडकावर जाऊन उभी राहिले. गवताचा ओला वास होता. बराच वेळ काही नाही. मग…

टक्… टक्…

मी आवाजाकडे वळले.

“भारू…” आवाज दमलेला होता. “स्वल्प थांब गं… आलोच…”

आलोच. महिना उलटून गेला होता, आणि माझा बाप अजून माझ्या हाकेला ओ देत माझ्याकडे येत होता. मी तिथेच रडायला लागले.

“मी इथे आहे!” मी ओरडले. “इकडे! इकडे या!” काठी माझ्या पुढून गेली, लांब गेली, फिरून पाठीमागे आली. त्यांना माझं काहीच ऐकू जात नव्हतं. मी आवाजामागे धावले आणि गुडघ्यापर्यंत दलदलीत रुतले. कशीबशी निघाले तेव्हा आवाज पुन्हा दुसरीकडे होता. ‘बाबा’ हा शब्द जिभेवर आला. मी तोंडावर हात दाबून धरला. तो शब्द ऐकून कोण आलं होतं आणि आता घरात दाराकडे तोंड करून बसलं होतं, ते मला माहीत होतं. तसे आणखी किती त्या ढगात असतील, ते माहीत नव्हतं.

नाव घेतात आणि कुठे आहेस म्हणून विचारतात. बस्स. त्यांनीच सांगितलं होतं.

वडिलांचं नाव आपण कागदावर लिहितो, कुणी विचारलं तर सांगतो. त्या नावाने त्यांना हाक मारणं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. आई त्यांना ‘अहो’ म्हणायची, त्यांचे धाकटे भाऊ ‘अण्णा’. मी डोळे मिटले.

“हयवदन!… कुठे आहात?”

काठी थांबली. पहिल्यांदाच त्यांना माझं ऐकू गेलं होतं.

“कोण?” ते म्हणाले.

मी पुन्हा हाक मारली. “हयवदन!”

“कोण ते?…” आवाज बदलत होता. त्यातला थकवा गेला, खरखर गेली. “अम्मा?”

अम्मा म्हणजे माझी आजी, त्यांची आई. नुसत्या नावाने त्यांना हाक मारणारं आयुष्यात एवढं एकच माणूस होतं, आणि ती मी शाळेत असतानाच गेली.

“अम्मा… आलो! आलो गं, अम्मा!”

काठी निघाली. माझ्याकडे नाही. माळाच्या पलीकडच्या टोकाकडे, जिथे खडक एकदम तुटतो. घाईघाईने, एखादं पोर धावत सुटावं तशी. मी हयवदन, हयवदन करत मागे धावले, आणि जितक्या हाका मारल्या तितके ते आनंदाने ओ देत पुढे गेले. त्यांना मागे फिरवणारा एकच शब्द माझ्याजवळ होता आणि तो मी उच्चारू शकत नव्हते. शेवटी मी गप्प झाले. टक् टक् आवाज बारीक होत गेला आणि मग आलाच नाही. पडल्याचा आवाज नाही, ओरडणं नाही. वारा सुटला, ढग विरळ झाला. कड्याच्या टोकापर्यंत गवत नुसतं हलत होतं.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. चपला आणि सलवार चिखलाने माखलेली. बाबांच्या चेहऱ्याचा तो व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला होता, माझीच वाट पाहत असल्यासारखा. स्वयंपाकघरात सुमंतची भांडी वाजत होती. मी कुठे जाऊन आले ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्याने माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. कुतूहलाने, अगदी सहज, नव्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं.

“हयवदन यारु?”

हयवदन कोण?

आतून सुमंतने हाक दिली, “दोघंही आत या, चहा झालाय!” तो उठला, त्याने दार माझ्यासाठी उघडून धरलं आणि कोरडा हात पुढे केला.

“बा,” तो म्हणाला.

मी आत गेले.