खाणीतल्या राक्षसाचा सिनेमा

मोबाईल ठेव रे गौरव. लाइट यायला वेळ आहे, आणि परीक्षा काही आज रात्री नाही. अक्षता, तूही बस इथं, रजईत पाय घाल. मघाशी तुम्ही दोघं भुताच्या सिनेमांवर हसत होतात, म्हणून आठवलं. हे माझ्याच सेक्शनमधल्या माणसाचं आहे. धीरज त्याचं नाव. गाझियाबादला राहायचा, म्हाताऱ्या आईबरोबर, चौथ्या मजल्यावर.

गेल्या वर्षीची भोगी. म्हणजे इथल्या लोकांची लोहडी. ऑफिस सुटल्यावर धीरज बाजारात केबल आणायला निघाला, लॅपटॉप टीव्हीला जोडायची असते ती. मीही बरोबर गेलो. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, त्या संध्याकाळी थांबायला तयार नव्हता.

"सापडला, सर! बिल्कुल तोच. परदेशात कुणीतरी जुन्या टेपवरून नेटवर टाकलाय. आज आईला दाखवतो."

काय सापडला, तर लहानपणी टीव्हीवर पाहिलेला एक सिनेमा.

धीरज दुसरीत असताना ही मंडळी दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. एका रविवारी दुपारी तो आणि त्याची धाकटी बहीण क्षिप्रा टीव्हीसमोर बसली होती. कुठल्याशा परक्या भाषेतला सिनेमा. पाण्यानं भरलेल्या खाणीत चिखलाचा राक्षस राहतो. तो माणसांचे आवाज चोरतो आणि रात्री दाराबाहेर उभा राहून आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो. जो 'ओ' देतो, तो परत येत नाही.

सिनेमा अर्ध्यावर आला, आणि क्षिप्रा उठून गेली. थोड्या वेळानं खाली आरडाओरडा झाला. पोर गच्चीवरून पडली होती.

धीरज सगळ्यांना एकच सांगत राहिला, "आम्ही सिनेमा बघत होतो. तिला कुणीतरी हाक मारली, म्हणून ती गेली." त्याची आई, प्रमोदिनीबाई, म्हणाली, "असला सिनेमाच नव्हता. बहिणीला एकटं टाकून तू खेळायला गेलास. खोटारडा." कॉलनीत दुसऱ्या कुणाला तो सिनेमा आठवेना. वडिलांनी पट्ट्यानं मारलं. ते गेले तेव्हाही मुलाशी बोलत नव्हते.

धीरजनं लग्न केलं नाही. आईचं सगळं केलं, अगदी न्हाऊमाखू घालण्यापर्यंत. पण क्षिप्राच्या फोटोला हार घालायला ती त्याला हात लावू द्यायची नाही. आणि हा माणूस आपला रात्र रात्र तो सिनेमा शोधायचा. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. लोक हसायचे. मीही म्हणालो होतो, यार, सोड आता.

तर त्या रात्री त्यानं आईला खुर्चीत बसवलं. पायावर शाल घातली. खाली सोसायटीतली लोहडीची शेकोटी विझत आली होती. बाहेर धुकं असं, की समोरची बिल्डिंग दिसेना. सिनेमा सुरू झाला. अगदीच टुकार! राक्षसाच्या पोशाखाची पाठीवरची चेनसुद्धा दिसत होती. धीरज हसत होता आणि डोळे पुसत होता.

आई शेवटपर्यंत बघत राहिली. पडदा काळा झाला.

"पाहिलंस ना आई? होता ना सिनेमा?"

"होता," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

धीरजला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मीच हाक मारली होती तिला. स्वयंपाकघरातून. माझे हात पिठात होते. म्हटलं, क्षिप्रा, गच्चीवरचे कपडे काढून आण."

"मग मला का…? इतकी वर्षं…"

"कुणावर तरी ढकलायला हवं होतं रे."

बस. एवढंच. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

"मग, काका?"

मग काय, अक्षता… तो तसाच बसून राहिला. टीव्ही बंद होता. खालची माणसं घरात गेली होती.

आणि जिन्यातून आवाज आला.

लहान मुलीचा. वरून.

"आई… कपडे काढले गं."

धीरजनं आईचं मनगट धरलं. हळूच म्हणाला, "आई, ओ देऊ नकोस."



"आई… घ्यायला ये ना…"

"आले," आई म्हणाली.

आणि उठली. वॉकरशिवाय जिला दोन पावलं टाकता येत नव्हती, ती उठली. धीरजच्या मुठीत तिचं मनगट होतं. त्यानं ते धरून ठेवलं…

मग सोडलं.

का सोडलं, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दार उघडलं. पावलं जिना चढून गेली. वर. आणखी वर. मग काही नाही.

तो उठला तेव्हा उजाडत होतं. आई गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली. गार पडलेली. मांडीवर एक कपडा, नीट घडी घातलेला.

सकाळी मला फोन आला. दुपारी हिंडन नदीच्या घाटावर सगळं उरकलं, लोक पांगले, तेव्हा धीरजनं हे सांगितलं. मग पिशवीतून तो कपडा काढून माझ्या हातात दिला. दुसरीतल्या मुलाच्या मापाचा शाळेचा पांढरा शर्ट. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं भरलेलं, 'धी'.

चार दिवस सूर्य दिसला नव्हता. माझी बोटं थंडीनं वळत नव्हती.

शर्ट कोरडा होता…

आणि ऊन होता. आत्ता दोरीवरून काढल्यासारखा.